वेशीबाहेरचे शांतिमंदिर

कुडाची भिंत ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे अशी पिढी आता आपल्या धर्मग्रामांत विरळ होत चालली आहे. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यांवर दोन्ही अंगांनी माती आणि पेंढा यांचा गारा थापायचा, वरून शेणाने सारवायचे आणि दर साल पावसाळा सरला की पुन्हा डागडुजी करायची. अशा घराला कोणी पक्के घर म्हणत नसे. हाती चार पैसे आले की माणूस पहिल्याप्रथम कूड काढून वीट लावी.

पोलंडच्या नैर्ऋत्येस, सायलेशिया प्रांतात, श्विदनित्सा नावाचे एक शहर आहे. जर्मन भाषेत त्याला श्वाइडनिट्झ म्हणत. या शहराच्या जुन्या तटाबाहेर कुडाच्याच जातीच्या भिंतींचे एक चर्च उभे आहे. ओक लाकडाची चौकट आणि त्या चौकटीच्या कप्प्यांत माती व पेंढा, अशी त्याची घडण. त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. एका वेळी साडेसात हजार माणसे सामावतील एवढे ते मोठे आहे. त्यांतील तीन हजार बसून आणि उरलेली उभी. युरोपातील सर्वांत मोठ्या लाकडी चौकटीच्या धर्मवास्तूंत त्याची गणना होते. २००१ साली युनेस्कोने या चर्चचा आणि जवळच्या यावोर गावातील त्याच्या थोरल्या भावंडाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

हे चर्च आपले, म्हणजे कॅथलिकांचे, नाही. ते ल्यूथरपंथीयांचे आहे. पण ते मातीचे का आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच घरच्या इतिहासात शोधावे लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

सायलेशिया १५२६ पासून हॅब्सबर्ग घराण्याच्या ताब्यात होता. राजघराणे निष्ठावंत कॅथलिक. प्रजेतील बहुसंख्य लोक मात्र सोळाव्या शतकातच ल्यूथरच्या शिकवणुकीकडे वळलेले. ‘ज्याचे राज्य त्याचा धर्म’ हे त्या काळचे सूत्र होते. १६१८ साली तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि या सूत्राची अंमलबजावणी तलवारीने होऊ लागली. १६२८-२९ च्या सुमारास सम्राटाच्या शिपायांच्या तुकड्या सायलेशियातील शहरांत लोकांच्या घरोघर मुक्कामाला धाडण्यात आल्या. यजमानाने कॅथलिक झाल्याचा दाखला आणला की शिपाई त्याच्या घरातून हलत आणि शेजाऱ्याच्या घरी जात. शेवटी ज्याचे घर उरे त्याच्या अंगणात साऱ्या पलटणीचे घोडे बांधलेले असत. लोकांनी त्या शिपायांना उपरोधाने ‘तारक’ असे नाव ठेवले होते. १६२९ साली श्विदनित्सामधील मुख्य चर्च येशूसंघीय धर्मगुरूंच्या हवाली करण्यात आले.

१६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला आणि युद्ध संपले. स्वीडनच्या वकिलांनी सायलेशियातील आपल्या धर्मबांधवांसाठी बराच आग्रह धरला. काही स्थानिक सरदारांच्या मुलखाला आणि ब्रेस्लाउ शहराला धर्मस्वातंत्र्य मिळाले. परंतु जो मुलूख थेट सम्राटाच्या अमलाखाली होता, त्याच्या वाट्याला आली केवळ तीन चर्चे : एक ग्वोगूव येथे, एक यावोर येथे आणि एक श्विदनित्सा येथे. तहातून जन्मली म्हणून त्यांना ‘शांतिमंदिरे’ म्हणतात. (ज्या क्रिस्तीना राणीच्या वकिलांनी ही सवलत मिळवली, तिनेच पुढे १६५४ साली सिंहासन सोडले, ती कॅथलिक झाली आणि आज तिची कबर रोम येथे संत पेत्राच्या महामंदिरात आहे. इतिहास कधीकधी असा मिस्कील होतो.)

तीन चर्चे दिली हे खरे. पण घेतली किती? १६५३ आणि १६५४ या दोन वर्षांत सम्राटाचे आयोग गावोगाव फिरले आणि त्या मुलखातील सहाशेहून अधिक चर्चे प्रॉटेस्टंटांकडून काढून घेण्यात आली. त्यांच्या पाळकांना हद्दपार केले गेले. यांपैकी बहुतेक चर्चे खेड्यांतली होती. ज्या गावात सगळेच ल्यूथरपंथीय, त्या गावचे चर्च कागदोपत्री कॅथलिक झाले आणि रिकामे राहिले. गावकरी रानात चोरून प्रार्थनेला जमू लागले. तेथे उपदेश करणाऱ्या फिरत्या पाळकांना लोक ‘झुडपातले उपदेशक’ म्हणत. मुलाचा बाप्तिस्मा असो, लग्न असो की अंत्यविधी असो, उजळ माथ्याने करायचा तर शांतिमंदिरापर्यंत चालत जावे लागे. म्हणून श्विदनित्साचे हे चर्च शहराच्या नावाने ओळखले जात असले तरी वस्तुतः ते भोवतालच्या असंख्य खेड्यांचे चर्च होते. रविवारच्या उपासनेसाठी आदल्या दिवशीच घर सोडणारी माणसे तेथे येत.

आता त्या परवानगीच्या अटी पाहा. चर्च शहराच्या तटाबाहेर बांधावे, तेही तोफेचा गोळा पोहोचेल इतक्या अंतरावर. दगड आणि वीट वापरू नये. लाकूड, चिकणमाती, वाळू आणि पेंढा एवढ्यांतच काम भागवावे. मनोरा नको, घंटा नको. बांधकाम एका वर्षात पुरे व्हावे. आणि खर्च अर्थातच ज्याचा त्याने करावा. या अटी ज्याने लिहिल्या त्याच्या मनात काय होते ते उघड आहे. चर्च द्यावे तर लागणार, पण ते फार दिवस टिकू नये. ग्वोगूवच्या बाबतीत तसे घडलेही. तेथे घाईने उभारलेले पहिले चर्च १६५४ च्या वादळात कोसळले; पुन्हा बांधले, ते १७५८ साली आगीत भस्मसात झाले.

यावोर आणि श्विदनित्सा येथे मात्र एका माणसाने या अटींचा निराळाच अर्थ लावला. अल्ब्रेख्ट फॉन सेबिश हे त्याचे नाव. हा ब्रेस्लाउ शहराचा तटबंदी-अभियंता. बुरूज, खंदक आणि तोफांचा मारा यांचे गणित मांडण्यात त्याची हयात गेली होती. अशा माणसाला ‘कच्च्या’ मालातून पक्की वस्तू उभी करायला सांगितले तर तो भिंतीच्या जाडीवर विसंबत नाही, तो बांधणीवर विसंबतो.

लाकडी चौकटीच्या बांधणीचे मर्म असे आहे की तिच्यात भिंत भार वाहतच नाही. जमिनीलगत एक आडवी जाड तुळई, तिच्यावर उभे खांब, खांबांच्या माथ्यावर पुन्हा आडव्या तुळया, आणि सारी चौकट कलू नये म्हणून कोपऱ्यांतून तिरप्या आधाराची लाकडे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढ्याच मापाची खोबण करायची, जीभ खोबणीत बसवायची आणि आडवे भोक पाडून त्यातून लाकडाचीच खुंटी ठोकायची. छपराचे सगळे ओझे या सांगाड्यावरून जमिनीत उतरते. मधल्या कप्प्यांतील माती केवळ वारा, पाऊस आणि थंडी अडवते. माती झडली तर पुन्हा भरता येते. खांबाचा पाय कुजला तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. आपल्या कोकणातील जुन्या घरांचे वासे-खांब ज्यांनी बदलून घेतले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दगडी इमारत एकदा खचली की खचली. ही इमारत मात्र जन्मभर औषधपाणी घेत जगते. अट घालणाऱ्यांच्या ध्यानात हीच गोष्ट आली नव्हती.

सेबिशने यावोरचे चर्च आधी, १६५४-५५ मध्ये, बांधले. ते लांबट, सरळ सभागृहासारखे आहे. श्विदनित्सा येथे त्याने धाडस वाढवले. तेथील आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे : सुमारे ४४ मीटर लांब आणि आडव्या भुजांसह सुमारे ३० मीटर रुंद. मधला भाग उंच आणि त्याला लगटून सर्व बाजूंनी बुटके भाग, जणू उंच माणसाला चौफेर खांदा देणारे सोबती. आतल्या सज्ज्यांचे दुहेरी मजले माणसांना जागा देतात, आणि त्याच वेळी उंच भिंतींना आतून आवळून धरतात. मनोऱ्याला बंदी, पण रुंदीला आणि सज्ज्यांना बंदी नव्हती. हुकमात जे लिहिलेले नव्हते त्यात सेबिशने चर्च बसवले.

पैसा कोठून आला? श्विदनित्साचे लोक युद्धाने नागवलेले होते. क्रिस्तियान चेप्को नावाचा गृहस्थ वर्गणीसाठी युरोपातील प्रॉटेस्टंट दरबारांत वणवण हिंडला. होखबेर्ग घराण्याच्या सरदाराने आपल्या रानातील ओकवृक्षांचा मोठा वाटा दान केला. चर्चच्या दर्शनी भागात त्या घराण्याचा कोरीव सज्जा आजही मानाने मिरवतो. बाकीचे काम सामान्य माणसांनी केले. २३ ऑगस्ट १६५६ रोजी पायाभरणी झाली आणि २४ जून १६५७ रोजी, संत योहान बाप्तिस्मादात्याच्या सणाच्या दिवशी, आत पहिली उपासना झाली. मुदत बारा महिन्यांची होती. काम दहा महिन्यांत आटोपले.

बाहेरून हे चर्च पाहणाऱ्याला ते एखाद्या मोठ्या कोठारासारखे वाटते. काळसर लाकडांची जाळी, मधले पांढरे चौकोन, वर उतरत्या छपरांचा पसारा. भोवती जुनी झाडे आणि दफनभूमी. आत पाऊल टाकल्यावर मात्र डोळे दिपतात. छतावर प्रकटीकरणाच्या ग्रंथातील दृश्ये रंगवलेली आहेत. ती १६९० च्या दशकातली. सज्ज्यांच्या कठड्यांवर बायबलमधील वचने आणि कारागिरांच्या संघांची मानचिन्हे. १६६० च्या दशकात बांधलेला मोठा ऑर्गन. १७२९ चे कोरीव प्रवचनपीठ आणि १७५२ साली बसवलेली बरोक शैलीतील वेदी. ही दोन्ही गोटफ्रीड आउगुस्ट होफमान या शिल्पकाराची कामे. या वेदीच्या मध्यभागी प्रभू येशूचा बाप्तिस्मा कोरलेला आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या बरोक शैलीने आपल्या कॅथलिक चर्चांतील वेद्या सोन्याने मढवल्या, जी शैली ट्रेंट परिषदेनंतर मुख्यतः कॅथलिक पुनरुज्जीवनाचा आवाज म्हणून ओळखली गेली, तीच या ल्यूथरपंथीयांनी मातीच्या भिंतींआड निःसंकोच वापरली. देवदूत तेच, सोनेरी वेलबुट्टी तीच. ज्यांच्याशी भांडण त्यांच्याच घरची भाषा. यावोरच्या चर्चमध्ये सज्ज्यांवर जुन्या व नव्या करारातील प्रसंगांची शंभराहून अधिक चित्रे ओळीने रंगवलेली आहेत; अक्षरओळख नसलेल्या खेडुताला सगळी बायबल डोळ्यांनी वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे जे काम करतात तेच हे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, प्रॉटेस्टंट राज्यकर्ते तरी कोठे उदार होते? हा प्रश्न रास्त आहे. त्याच सुमारास हॉलंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे मिस्सा करण्यास मनाई होती. आम्स्टरडॅममध्ये यान हार्टमान नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ ते १६६३ या काळात कालव्याकाठच्या आपल्या घराच्या पोटमाळ्यावर चर्च बांधले. बाहेरून ते इतर घरांसारखे एक घर. आत वेदी, सज्जे, ऑर्गन. घंटा तेथेही नव्हती. ‘पोटमाळ्यावरचा आमचा प्रभू’ या नावाने ते आज वस्तुसंग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. श्विदनित्साचा सुतार आणि आम्स्टरडॅमचा व्यापारी यांची गाठ पडली असती तर दोघांना एकमेकांची व्यथा पटकन समजली असती. पण एका अन्यायाने दुसऱ्याची फिट्टंफाट होत नाही, आणि आपण लिहितो आहोत तो हिशेब आपला आहे.

तहातील कलमात चर्चांची मोजदाद होणे हा अनुभव आपल्या वाडवडिलांनाही आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांशी ठरलेल्या अटींत पाच चर्चे राखण्याची मुभा होती : तीन वसई शहरात, एक वसई बेटात व एक साष्टीत. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या वाट्याला पाच. त्यानंतर ओस पडलेल्या चर्चांचे भग्नावशेष वसईच्या किल्ल्यात आपण सहलीला गेल्यावर पाहतो. अर्थात त्याआधी दोनशे वर्षे पोर्तुगीजांनी याच प्रदेशातील हिंदूंची मंदिरे पाडली होती, हेही त्याच दमात सांगायला हवे. श्विदनित्साची गोष्ट वसईच्या वाचकाला परकी वाटू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १७०७ साली स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स सैन्यासह सॅक्सनीत ठाण मांडून बसला आणि त्याने सम्राट पहिला जोसेफ याच्याकडून नवा करार करून घेतला. शांतिमंदिरांना मनोरा आणि घंटा यांची परवानगी मिळाली. १७०८ साली श्विदनित्सा येथे घंटाघर उभे राहिले. मूळ इमारतीचा सांगाडा मनोऱ्याच्या हिशेबाने घडवलेला नव्हता, म्हणून ते चर्चपासून वेगळे, थोडे दूर बांधले आहे. पन्नास वर्षांचे मौन त्या मोकळ्या अंतरात अजून दिसते. १७४० नंतर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सायलेशिया जिंकला आणि बंधने संपली. आता दगडी चर्च बांधायला कोणाची आडकाठी नव्हती. तरीही लोकांनी मातीचे चर्च पाडले नाही. उलट वर सांगितलेली वेदी त्यानंतरच बसवली. सप्तवार्षिक युद्धात श्विदनित्साच्या किल्ल्याला वारंवार वेढे पडले आणि तोफांच्या टप्प्यात मुद्दाम ठेवलेले हे चर्च त्यांतूनही तगले.

खरी कसोटी १९४५ साली आली. युद्धानंतर सीमा सरकल्या, सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तेथील जर्मनांना देश सोडावा लागला. त्यांच्याबरोबर या चर्चची जवळजवळ सगळी मंडळी गेली. त्यांच्या जागी आलेले पोलिश लोक बहुतांशी कॅथलिक होते. त्यांच्यापैकी पुष्कळ जण सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्वेकडील मुलखातून स्वतःची घरे आणि चर्चे मागे टाकून आले होते. त्यांच्या दृष्टीने हे चर्च दुहेरी परके : जर्मनांचे आणि प्रॉटेस्टंटांचे. शिवाय जर्मनांबद्दलचा संताप ताजा होता. अशा वेळी साडेसात हजारांच्या या वास्तूची जबाबदारी एका लहानशा पोलिश ल्यूथरपंथीय समाजावर येऊन पडली. त्या समाजाने ती इमारत सोडली नाही.

श्विदनित्साजवळच क्शिझोव्हा नावाचे खेडे आहे. जर्मन अमदानीत ते क्रायसाउ म्हणून ओळखले जाई आणि तेथे हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके यांची वाडी होती. १९४२-४३ मध्ये या प्रॉटेस्टंट गृहस्थाच्या घरी हिटलरनंतरच्या जर्मनीचा विचार करण्यासाठी काही माणसे गुप्तपणे जमली. त्या मंडळात येशूसंघीय धर्मगुरूही होते. फादर आल्फ्रेड डेल्प हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. मोल्टके यांना २३ जानेवारी १९४५ रोजी आणि फादर डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आले. ज्या परिसरात १६२९ साली येशूसंघीयांना सम्राटाच्या शिपायांच्या जोरावर चर्च मिळाले होते, त्याच परिसराशी जोडलेली ही दुसरी आठवण. १२ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत उघडल्यावर तीनच दिवसांनी, याच क्शिझोव्हात समेटाची मिस्सा झाली. बिशप आल्फोन्स नोसोल यांनी ती अर्पण केली. शांतीची खूण देण्याच्या वेळी पोलंडचे पंतप्रधान मझोव्हिएत्स्की आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांनी एकमेकांना मिठी मारली.

त्यानंतरच्या काळात पोलिश आणि जर्मन तज्ज्ञ व कारागीर यांनी मिळून श्विदनित्साच्या शांतिमंदिराची दुरुस्ती हाती घेतली. ज्या दोन राष्ट्रांनी या भूमीवरून एकमेकांना हाकलले होते त्यांचे सुतार एकाच पहाडावर चढले.

२१ मे १९९५ रोजी परमपूज्य पोप दुसरे जॉन पॉल चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे होते. त्या काळातील एक कॅथलिक हुतात्मा, यान सार्कांडर, यांना संतपद जाहीर करण्याचा तो दिवस. आपल्या हुतात्म्याचा गौरव करतानाच पोपमहोदयांनी, कॅथलिकांच्या हातून कॅथलिकेतरांवर झालेल्या अन्यायांबद्दल समस्त कॅथलिकांच्या वतीने क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशी ते पोलंडमधील स्कोचूव येथे गेले आणि तेथील ल्यूथरपंथीयांच्या चर्चमध्ये त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसले. हे गावही ऐतिहासिक सायलेशियातीलच.

२००४ साली याच पोपमहोदयांनी श्विदनित्सा हे नव्या कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ केले. येशूसंघीयांना १६२९ साली मिळालेले जुने दगडी चर्च आता तेथील महामंदिर आहे. त्याचा मनोरा शंभर मीटरहून उंच आहे आणि तो शहरातून कोठूनही दिसतो. शांतिमंदिर तसे दिसत नाही. त्यासाठी जुन्या तटाची हद्द ओलांडावी लागते, कमानीखालून आत जावे लागते आणि झाडांमधून चालत राहावे लागते. घंटाघर आधी लागते, चर्च त्यानंतर.